वेशचित्रण : स्फूर्ति आणि स्वतःचा हात

चित्रकलेच्या तासाला "आपल्या आवडीचें चित्र काढा" असें मुलांस सांगितलें, म्हणजे पूर्वीं बहुतेक कागदांवर दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचें झाड ही ठरलेली मंडळी हजर होत असे. अलीकडे त्यांची जागा एका निराळ्याच विषयानें घेतली आहे. आठवी-नववींतील पुष्कळ मुली, आणि आतां कांहीं मुलगेहि, उंच बांध्याच्या स्त्रीपुरुषांचीं व त्यांच्या अंगावरील तऱ्हेतऱ्हेच्या वस्त्रांचीं चित्रें काढूं लागलीं आहेत. या प्रकारास बाजारांत 'फॅशन इलस्ट्रेशन' म्हणतात. आम्ही त्यास वेशचित्रण म्हणूं. या विषयाकडे नाक मुरडून पाहणारे पालक आहेत, तसेच त्यापायीं इतर अभ्यास विसरणारे विद्यार्थीहि आहेत. दोघांसहि उपयोगीं पडेल असें कांहीं सांगावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

वस्त्राचें चित्र मुख्यतः तीन कारणांसाठीं काढलें जातें. पहिलें कारण नोंदीचें : अमुक काळीं, अमुक ठिकाणीं लोक काय नेसत होते, हें पुढील पिढीस कळावें. दुसरें कारण कामाचें : जें वस्त्र अद्याप शिवलेलेंच नाहीं, तें कसें व्हावयाचें आहे हें शिवणाऱ्यास समजावें. तिसरें कारण मोहाचें : पाहणाऱ्यास तें वस्त्र आपल्या अंगावर असावें असें वाटावें. मासिकांतून व जाहिरातींतून जीं चित्रें येतात, तीं बहुधा या तिसऱ्या प्रकारचीं असतात. आणि म्हणून विद्यार्थ्यांस तोच एक प्रकार ठाऊक असतो. परंतु पहिल्या दोन प्रकारांचा अभ्यास पक्का असल्यावांचून तिसरा साधत नाहीं. हा धडा आम्हांस एका पालक भगिनीनें शिकविला. ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या चित्रप्रदर्शनांत नववींतील एका मुलीनें एक मोठें चित्र मांडलें होतें. पायघोळ, चमकदार झगा घातलेली एक उंच गोरी स्त्री. मान किंचित वळलेली. झग्याचा घेर कागदाच्या कडेपर्यंत पसरलेला. रंगांची सफाई अशी होती कीं, पाहणारा प्रत्येक जण तेथें थांबे. आम्हींहि त्यास पहिलें बक्षीस दिलें. सायंकाळीं त्या मुलीची आई आली. ती उल्हासनगरच्या एका कारखान्यासाठीं जीनच्या विजारी घरीं नगावर शिवून देत असे. ती त्या चित्रापुढें बराच वेळ उभी राहिली. आम्हांस वाटलें, लेकीचें कौतुक चाललें आहे. शेवटीं ती भीत भीत म्हणाली, "सर, चित्र छानच आहे. पण ह्या झग्याला शिवण कुठंच नाही. चेन नाही, बटन नाही. ही बाई ह्याच्यात शिरली कशी?"

आम्ही निरुत्तर झालों. मुलीनें तें चित्र दूरध्वनियंत्राच्या पडद्यावर आलेल्या एका छायाचित्रावरून हुबेहूब उतरून घेतलें होतें. मूळ छायाचित्रांत शिवण सावलींत लपली होती. म्हणून मुलीच्या चित्रांत ती मुळींच नव्हती. तिनें वस्त्र काढलें नव्हतें. वस्त्राची सावली काढली होती. चूक मुलीची म्हणावी, तर तिला कोणी दुसरें सांगितलेंच नव्हतें. चूक आमची होती. सफाईस आम्हीं समज मानलें आणि नकलेस बक्षीस दिलें. त्या दिवसापासून हा विषय आम्हीं पुन्हां पहिल्यापासून शिकण्यास आरंभ केला.

आतां पहिला प्रश्न घेऊं : स्फूर्ति कोठून आणावी? पुष्कळांची समजूत अशी कीं, स्फूर्ति ही दूरदेशची वस्तु आहे. ती पॅरिसांत मिळते, अंबरनाथांत मिळत नाहीं. ही समजूत किती पोकळ आहे, हें महाराष्ट्रांतील दोन चित्रकारांच्या उदाहरणांवरून दिसेल. दोघांचाहि जन्म कोल्हापुरांत झाला, आणि दोघांचेंहि शिक्षण मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत झालें.

त्यांपैकीं पहिले रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४). पौराणिक प्रसंगांचे चित्रकार म्हणून त्यांची ख्याति आहे. परंतु वस्त्रांचे निरीक्षक म्हणूनहि त्यांची योग्यता तेवढीच मोठी आहे. मुंबईच्या रस्त्यांतून जाणारे-येणारे लोक त्यांनीं इतक्या बारकाईनें टिपले कीं, पागोटें कोणत्या ज्ञातीचें, लुगडें कोणत्या पद्धतीनें नेसलेलें, पदर कोणत्या खांद्यावर, हें चित्र पाहतांच कळावें. इ. स. १९२० च्या सुमारास ऑटो रॉथफील्ड यांचें हिंदुस्थानांतील स्त्रियांविषयींचें एक इंग्रजी पुस्तक निघालें. त्यांतील रंगीत चित्रें धुरंधरांचीं आहेत. त्यांत प्रांतोप्रांतींच्या व निरनिराळ्या समाजांच्या स्त्रिया आपापल्या पेहरावांत उभ्या आहेत. आज शंभर वर्षांनंतर त्या काळचें नेसणें कसें होतें हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यास हीं चित्रें उपयोगीं पडतात. वेशचित्रणाचा जो पहिला प्रकार आम्हीं वर सांगितला, त्याचा हा उत्तम नमुना होय. आणि धुरंधरांची स्फूर्ति कोठें होती? ती त्यांच्या दाराबाहेरच्या रस्त्यावर होती.

दुसरें नांव भानु अथय्या यांचें. माहेरच्या त्या राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९. वडील अण्णासाहेब हे स्वतः चित्रकार होते. पण भानुताई लहान असतांनाच त्यांचें छत्र हरपलें. पुढें त्या मुंबईस आल्या, कलाशाळेंत शिकल्या, आणि तेथें १९५१ सालीं त्यांच्या चित्रास सुवर्णपदक मिळालें. १९५३ मध्यें प्रगतिशील चित्रकारांच्या मंडळाच्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें लागलीं. त्याच सुमारास त्या मुंबईच्या इंग्रजी स्त्री-मासिकांसाठीं व साप्ताहिकांसाठीं वेशचित्रें काढीत. 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकाच्या संपादिकेनें कपड्यांचें एक दुकान काढलें, तेव्हां तिनें भानुताईंस विचारलें कीं, जें तुम्ही कागदावर काढतां तें प्रत्यक्ष शिवून घ्याल काय? त्यांनीं होकार दिला. येथें त्यांचें आयुष्य वळलें. १९५६ च्या 'सी. आय. डी.' पासून चित्रपटांचे पोशाख त्यांच्याकडे येऊं लागले, आणि १९८३ च्या एप्रिलांत 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठीं जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. 'लेकिन' आणि 'लगान' या चित्रपटांसाठीं त्यांस राष्ट्रीय पारितोषिकेंहि मिळालीं. २०२० सालीं त्यांचें निधन झालें.

या चरित्रांतील दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. १९६६ च्या 'आम्रपाली' या चित्रपटांत प्राचीन वैशालीचे पोशाख दाखवावयाचे होते. भानुताईंनीं जुन्या पौराणिक चित्रपटांतील झगमगीत कपडे उचलले नाहींत. त्या अजिंठ्यास गेल्या आणि तेथील भिंतींवरचीं चित्रें त्यांनीं अभ्यासिलीं. वस्त्र कमरेस कसें बांधलें आहे, पट्टे कसे विणले आहेत, अलंकार कोठें विसावले आहेत, हें पाहून त्यांनीं आपले पोशाख रचिले. म्हणजे स्फूर्तीसाठीं त्या मुळापर्यंत गेल्या. दुसरी गोष्ट 'गांधी' चित्रपटाची. तेथें चमकण्यासारखें काय होतें? आरंभीं विलायती कापडाचा सूट, मग साधा कुडता व धोतर, आणि शेवटीं केवळ पंचा. महात्माजींनीं सप्टेंबर १९२१ मध्यें मदुरेस पंचा धारण केला, तो शोभेसाठीं नव्हे. ज्यांच्या अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, त्यांच्यासारखें दिसावें म्हणून. वस्त्र हें मनुष्याच्या मनाची गोष्ट सांगतें. ती गोष्ट ज्यास वाचतां येते, त्यासच वस्त्राचें चित्र काढतां येतें.

आतां कोणी म्हणेल, अजिंठा दूर आहे. ठीक, मग रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेस जा. वालधुनी नदीच्या कांठीं आपल्या गांवास नांव देणारें शिवमंदिर उभें आहे. शिलाहार राजांच्या कारकीर्दींत, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास तें पूर्ण झालें. आणि फारच थोड्या विद्यार्थ्यांस माहीत असेल कीं, १८६८ मध्यें याच मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी आपले अध्यापक टेरी यांच्याबरोबर या देवळाचीं रेखाचित्रें व सांचे घेण्यासाठीं येथें आले होते. त्यांनीं मुंबईहून येऊन जें पाहिलें, तें आपण पश्चिमेकडून पायीं जाऊन पाहूं शकतों. ऊनपावसानें कित्येक मूर्ति झिजल्या आहेत. तरी बाहेरील भिंतींवरील स्त्रीमूर्तींसमोर वही घेऊन बसा. त्या काळच्या शिल्पांत तलम वस्त्र दाखवावयाचें असलें, म्हणजे शिल्पकार सगळें कापड कोरीत बसत नाहीं. तो मांडीवरून गेलेली एक कड, घोट्याजवळची एक किनार, कमरेची मेखला व तिच्या लोंबत्या सरी एवढेंच कोरतो. बाकीचें कापड पाहणाऱ्याचें मन पुरें करतें. थोड्या रेषांत वस्त्र कसें सांगावें, याचा धडा येथें विनामूल्य मिळतो.

आणि ज्यास दगडांपेक्षां जिवंत माणसें आवडतात, त्यानें सकाळच्या वेळीं स्टेशनच्या पुलावर कडेस उभें राहावें. भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या गांवाकडील बाया, त्यांचें गुडघ्यापर्यंत खोंचलेलें लुगडें. कामावर निघालेल्या परिचारिका. सिंधी आजीबाईंची सैल सलवार व डोक्यावरची ओढणी. कारखान्याच्या गणवेशांतील कामगार. जीनची विजार घातलेले महाविद्यालयीन तरुण. इतके प्रकार एका पुलावर पाहावयास मिळत असतां, विषय सुचत नाहीं असें म्हणणें म्हणजे नदीकांठीं बसून तहान लागली म्हणून रडणें होय. १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनीं कल्याणच्या लष्करी छावणींत संसार थाटले, १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि पुढें तेथें कापडाचा व तयार कपड्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. तेथील गजानन मार्केटांत किंवा जपानी बाजारांत एक फेरी मारा. दुकानदार ठाण उलगडून गिऱ्हाइकापुढें टाकतो, त्या एका झटक्यांत कापडाचा सारा स्वभाव दिसतो : मलमल तरंगत खालीं येते, रेशीम ओघळतें, जीनचें कापड धप्पकन पडतें. हा झटका ज्यानें डोळ्यांत साठविला, त्याच्या रेषेंत जीव आला.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : स्वतःची शैली कशी येते? विद्यार्थी आम्हांस विचारतात, "सर, मी कोणती स्टाइल घेऊं?" जणु काय शैली ही दुकानांत टांगलेली असते आणि मापाची पाहून घ्यावयाची असते. याचें उत्तर तुमच्या स्वतःच्या अक्षरांत आहे. लहानपणीं तुम्हीं सर्वांनीं एकच कित्ता गिरविला. 'अ' चें वळण सर्वांस एकच शिकविलें. तरी आज दहावीच्या वर्गांतील चाळीस वह्यांवरचीं नांवें झांकून ठेविलीं, तर कोणती वही कोणाची हें आम्ही सांगूं शकतों. कोणी मुद्दाम आपलें अक्षर निराळें केलें नाहीं. लिहितां लिहितां तें झालें. शैलीहि अशीच होते. ती घेतां येत नाहीं. पुष्कळ आणि प्रामाणिक काम केल्यावर मागें जें उरतें, ती शैली.

याची साक्ष पालकांस, निदान आजी-आजोबांस, सहज पटेल. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगांवकर (१९१८-१९७६) हे दोघे चित्रकार मूळचे गोमंतकांतले. दोघांचा काळ एक. दोघांनींहि मराठी मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर साडी नेसलेल्या, फुलें माळलेल्या स्त्रिया काढल्या. विषय एक, वाचक एक, साडीहि बहुधा एकच. तरी खोलीच्या दुसऱ्या टोंकावरून अंक दिसला, तर हा दलालांचा व हा मुळगांवकरांचा असें वाचक ओळखीत. दलालांकडे ठसठशीत रेषा आणि सपाट रंगांची धीट मांडणी. मुळगांवकरांकडे कांतीवरून हात फिरवावा अशी मऊ, उजळ छटा. एकानें दुसऱ्यासारखें होण्याचा हट्ट धरला असता, तर महाराष्ट्र एका चित्रकारास मुकला असता.

परदेशांतहि हेंच दिसतें. १९०८ मध्यें पॅरिसमधील पोशाखकार पॉल प्वारे यांनीं आपल्या पोशाखांचें चित्रपुस्तक काढावयाचें ठरविलें, तें काम त्यांनीं पॉल इरीब या तरुणास दिलें. इरीबनें बारीक छायाप्रकाश टाकून दिला, आणि जपानी ठशांच्या चित्रांची आठवण व्हावी असे सपाट रंग व नेमक्या रेषा वापरल्या. नंतरच्या पिढींत रेने ग्रुओ यांनीं कुंचल्याच्या एका जाड, काळ्या फटकाऱ्यांत अख्खा झगा उभा केला. १९३० नंतर मासिकांच्या मुखपृष्ठांवर रंगीत छायाचित्रें येऊं लागलीं, आणि हातानें काढलेल्या चित्रांचें काम हळूहळू कमी झालें. तरीहि ग्रुओसारख्यांचा हात मागें पडला नाहीं. कारण छायाचित्र कपडा दाखवी, आणि ग्रुओची रेषा तो कपडा घालून चालणाऱ्या स्त्रीचा डौल दाखवी.

येथवर वाचून ज्यांस हुरूप आला असेल, त्यांच्यासाठीं तीन महिन्यांचा एक अभ्यासक्रम देतों. यास महाग रंग लागत नाहींत; शिसपेन्सिल, एक लहान वही व थोडी चिकाटी पुरे.

पहिला अभ्यास रोजच्या नोंदीचा. रोज एक उभी आकृति दोन मिनिटांत टिपावी. चेहरा काढूं नये. कोणाकडे टक लावून पाहूं नये. अनोळखी माणसाचा मान राखणें हा चित्रकाराचा पहिला नियम आहे. फक्त एवढेंच पाहावें कीं, कापड अंगाच्या कोणत्या बिंदूवरून लोंबतें आहे. खांद्यावरून, छातीवरून, कमरेवरून, कीं गुडघ्यावरून? प्रत्येक चुणी अशा एखाद्या बिंदूपासून निघते. तो बिंदु सांपडला, कीं चुण्या आपोआप सांपडतात.

दुसरा अभ्यास नुसत्या कापडाचा. एकाच खिळ्यास आळीपाळीनें सुती कापड, रेशमी साडीचा पदर व जुनी जीनची विजार टांगून तिन्हींचें चित्र काढावें. कडक सुती कापडाच्या घड्या कोनांत मोडतात. रेशमाच्या घड्या लांब व मऊ उतरतात. जीनच्या घड्या आंखूड, जाड व हट्टी असतात. चित्राखालीं कापडाचें नांव न लिहितां पाहणाऱ्यास तें ओळखतां आलें, तर अभ्यास झाला असें समजावें.

तिसरा अभ्यास उसवण्याचा. घरांतील टाकाऊ झालेला एक सदरा आईच्या परवानगीनें उसवावा. पाठ, दोन्ही पुढे, बाह्या, गळपट्टी हे भाग जमिनीवर सपाट मांडून त्यांचें चित्र काढावें. मुंढा कसा वळतो, तीरा किती उतरता आहे, बाहीचा माथा मुंढ्यांत कसा बसतो, हें शिंप्यास विचारावें. मग तोच सदरा पुढून व मागून कसा दिसेल हें काढावें. ज्या मुलीच्या झग्यास शिवण नव्हती, तिनें हा अभ्यास प्रथम केला.

चौथा अभ्यास प्रमाणाचा. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारें साडेसात पट असते. वेशचित्रांत ती नऊ पटींपर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक, ओढतात. आणि ही वाढ बहुतेक पायांत घालतात, म्हणजे वस्त्राचा पडाव लांब दिसतो. ज्यास साडेसात ठाऊक नाहीं, त्यानें नऊ करूं नये. खरें माप समजून मोडलें, तर तो डौल होतो. न समजतां मोडलें, तर ती चूक होते. आणि येथें एक गोष्ट विशेषतः मुलींस सांगावयाची आहे. हीं लांब, सडपातळ शरीरें कागदावरचा एक संकेत आहेत. तीं कोणाच्याहि देहाचें माप नव्हेत. त्यांच्याशीं आरशांतील आपली तुलना करून कोणीं खिन्न होऊं नये, कीं जेवण तोडूं नये. ठेंगण्या, स्थूल, वृद्ध, कष्टलेल्या देहावरहि वस्त्र सुंदर दिसतें. तें दाखवितां येणें ही चित्रकाराची खरी कसोटी आहे.

पांचवा अभ्यास नकलेचा. आम्ही नकलेचे शत्रु नाहीं. कित्ता गिरविल्यावांचून अक्षर येत नाहीं. पण एकाच गुरूची नक्कल केली, तर त्याची सांवली होऊन राहावें लागतें. म्हणून तीन निरनिराळ्या चित्रकारांचें एकेक चित्र घ्यावें, तें लक्षपूर्वक उतरावें, खालीं मूळ चित्रकाराचें नांव स्पष्ट लिहावें, आणि या चित्रापासून आपण काय शिकलों हें एका वाक्यांत नोंदवावें. मग पुस्तक मिटून, त्याच रीतीनें आपल्या घरांतील एखाद्या माणसाचें चित्र काढावें. दुसऱ्याचें चित्र आपलें म्हणून दाखविणें ही चोरी आहे. दुसऱ्याचें नांव घेऊन त्याच्यापासून शिकणें हा विद्यार्थ्याचा धर्म आहे.

सहावा अभ्यास बंधनाचा. एक पूर्ण महिना एकच साधन वापरावें : बोरू तर बोरू, कुंचला तर कुंचला, आणि रंग फार तर दोन. साधनें कमी झालीं, म्हणजे हाताचा स्वभाव उघडा पडतो.

तीन महिने पुरे झाले, कीं एके रविवारीं सगळीं चित्रें घराच्या जमिनीवर पसरावीं आणि त्यांभोंवतीं सावकाश फिरावें. मग वहींत उत्तरें लिहावीं : कोणती गोष्ट आपण न ठरवितां पुन्हां पुन्हां केली? रेषा अखंड आहे कीं तुटक? हात किनारीकडे धांवतो कीं घेराकडे? बसलेलीं माणसें अधिक आहेत कीं चालणारीं? जें पुनःपुन्हां येतें, तेथें तुमच्या शैलीचा अंकुर आहे. त्यास खत घाला; पण आरशापुढें उभें राहून तो किती वाढला हें रोज मोजूं नका.

येथें आजकाल एक शंका निघते. यंत्रास चार शब्द सांगितले, कीं तें क्षणांत शंभर चित्रें काढून देतें. मग तीन महिने वही कशास भरावी? शंका योग्य आहे. आमचें उत्तर असें कीं, यंत्र जें देतें तें पूर्वीं काढल्या गेलेल्या असंख्य चित्रांच्या मिश्रणांतून येतें. तुमच्या आजीच्या लुगड्याची ठिगळ लावलेली किनार त्यानें पाहिलेली नाहीं. ती तुम्हीं पाहिली आहे. शिवाय यंत्राच्या झग्यांतहि पुष्कळदां शिवण नसते! ती नाहीं हें ओळखण्यास जो डोळा लागतो, तो वही भरूनच मिळतो.

आतां दोन शब्द पालकांसाठीं. "यांतून पोट भरेल काय?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्यास गोड उत्तर देऊन आम्ही तुम्हांस फसविणार नाहीं. केवळ वेशचित्रें काढून निर्वाह करणारे थोडेच असतात. परंतु ज्यास कापड कळतें, माप कळतें, आणि मनांतील कपडा पुढून-मागून कागदावर स्पष्ट मांडतां येतो, त्यास कपड्याच्या कारखान्यांत, शिवणकामांत, नाटक-चित्रपटांच्या वेशभूषेंत व जाहिरातींत काम करण्याची वाट मोकळी होते. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शालेय वयांतच देतां येतात. पुढें मुंबईस सर जे. जे. च्या कलासंस्था आहेत, आणि वेशकलेचें शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची शाखा नवी मुंबईंत खारघर येथें आहे. तेथें प्रवेशासाठीं स्पर्धा मोठी असते, व तेथील खर्चाचा विचारहि आधींच करावा लागतो. म्हणून मुलांनीं गणित व भाषा सोडून चित्रांमागें धांवूं नये. कापडाचा हिशेब गणितानेंच होतो. परंतु पालकांनींहि "हे नसते चाळे" म्हणून वही फाडूं नये. जी विद्या घरच्या कामाशीं नातें जोडते, ती चाळे नव्हे.

शेवटीं त्या मुलीची हकीकत पुरी करूं. पहिले कांहीं दिवस ती रुसली होती. बक्षीस मिळालेल्या चित्रांत दोष निघावा, आणि तोहि आईनें काढावा, याचें तिला वाईट वाटलें. मग तिनें आईस शिवतांना पाहण्यास आरंभ केला. आई यंत्रावर, शेजारीं निळ्या विजारींची रास, वर एकच दिवा. कित्येक पानें फुकट गेलीं. एके दिवशीं तिच्या वहींत आम्हांस पांढऱ्या खडूची एक रेघ दिसली. विजारीची मागची शिवण तिनें चुकीच्या जागीं काढली होती, आणि आईनें आपल्या मापाच्या खडूनें ती योग्य जागीं आंखून दिली होती. आम्हीं ती रेघ पुसूं दिली नाहीं.

पुढच्या वर्षाच्या प्रदर्शनांत तिनें तेंच चित्र मांडलें : यंत्रावर वांकलेली आई, अंगावर घरगुती सुती साडी, मांडीवर अर्धवट शिवलेली विजार. रेषा आंखूड व तुटक होती. दुरून पाहिलें तर टाके घातल्यासारखी. ही रेषा तिला कोणीं शिकविली नव्हती. चित्र पहिल्या चित्राइतकें चकचकीत नव्हतें, आणि परीक्षकांनीं त्यास बक्षीसहि दिलें नाहीं. पण तिची आई आली, चित्रापुढें उभी राहिली, बोटानें शिवणीवरून शिवणीवर गेली आणि म्हणाली, "आता बरोबर आहे. ही विजार घालता येईल."

विद्यार्थी मित्रहो, याहून मोठी पसंती आम्हांस ठाऊक नाहीं. येत्या सुटींत एक वही घ्या, आणि पहिलें चित्र घरांतल्याच माणसाचें काढा.